वाफ कोरडी की ओली

दादाने मला शेवटचं मारलं तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते आणि भांडण वाफ कोरडी की ओली यावरून होतं. त्याने थोबाडीत दिली. मी हातातला स्टीलचा मग त्याच्या कपाळावर हाणला. त्याला दोन टाके पडले, माझी एक दाढ हलली. आम्ही एवढ्यावरच थांबलो याचं मला त्या दिवशी बरं वाटलं होतं. चार दिवसांनी दादाच्या गल्लीतल्या चाचांचे हात गेले. त्यात माझा वाटा किती, हे मला आजवर कुणीही विचारलेलं नाही. म्हणून मीच लिहिते आहे.

दादा म्हणजे माझा थोरला सख्खा भाऊ. आमच्या घरात मारणं ही बोलण्याचीच एक पद्धत होती. वडील दादाला पट्ट्याने मारायचे; रेडिओ उघडला, इस्त्री उघडली, शेजाऱ्यांचं घड्याळ उघडलं म्हणून. दादा मला मारायचा, मी वडिलांना जाऊन सांगायचे म्हणून. मी चावायचे. त्याच्या उजव्या मनगटावर माझ्या दातांची खूण अजून आहे आणि ती तो पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. एकदा त्याने माझी अख्खी कंपासपेटी रागाने चुलीत घातली होती, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने पत्र्याची नवी करून दिली होती. त्या पेटीचं झाकण कंपनीच्या पेटीपेक्षा चांगलं बसायचं. त्याच्यावर कितीही चिडले तरी हे मला कधी विसरता आलेलं नाही.

मी पुण्यातल्या एका तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. गीझर, शेगड्या, कुकर, लहानसहान बॉयलर आमच्याकडे येतात. आत किती वीज गेली किंवा गॅस जळला, आणि बाहेर किती उष्णता आली, हे मोजायचं आणि कागदावर सही करायची. बाहेर आलेली उष्णता आत गेलेल्यापेक्षा जास्त कधीही येत नाही. आली, तर मोजणाऱ्याचं चुकलं. हे मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी सांगते आणि वर्षभर त्यांच्या चुका काढत बसते. माझी जीभ तिखट आहे, हे मला मान्य आहे. शनिवार पेठेत वाढलेल्या माणसाकडून गोड बोलण्याची अपेक्षा कुणी करू नये.

दादा एका बॉयलरच्या कारखान्यात फोरमन होता. निवृत्त झाल्यावर त्याने येरवड्यात घरामागे पत्र्याची शेड टाकली आणि त्यात ते यंत्र उभं केलं. पोलादाची जाड नळी, आत निकेलची पूड आणि थोडा हायड्रोजन भरून तोंड बंद केलेलं. नळीभोवती विजेची कॉइल, आणि त्या सगळ्याभोवती तांब्याचं भांडं, ज्यात पंपाने पाणी जायचं आणि वाफ होऊन वरच्या नळीने बाहेर पडायचं. दादाचं म्हणणं असं, की पूड तापली की तिच्यातून नवी उष्णता निघते. दोन युनिट वीज घातली तर सहा युनिटांइतकी उष्णता मिळते. हे त्याने कुठेतरी वाचलं होतं, मग त्यावर आणखी वाचलं होतं, आणि मग त्याच्या डोक्यात ते जे बसलं ते बसलंच.

तांब्याचं भांडं चाचांनी केलं होतं. चाचा दादाच्या गल्लीतच राहतात. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तांब्याचं काम. आंघोळीच्या पाण्याचे बंब, हॉटेलातले चहाचे बॉयलर, इडलीची मोठी पात्रं. त्यांनी झाळलेला सांधा शोधायचा तर बोट फिरवावं लागतं, डोळ्याला दिसत नाही. दादाला ते भाई म्हणतात, मला बेटा. यंत्रावर त्यांचा विश्वास होता असं मला वाटत नाही. दादावर होता. संध्याकाळी शेडमध्ये बसून दोघं चहा पीत आणि नळीकडे बघत बसत.

दादाला माझी सही हवी होती. येत्या रविवारी कुठल्याशा कॉलेजातले दोन प्राध्यापक यंत्र बघायला येणार होते, आणि त्यांच्यापुढे ठेवायला त्याला एका मान्य प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाईचा कागद पाहिजे होता. ती बाई त्याची बहीण आहे हे तो सांगणार नव्हता. मी गेले. खरं सांगायचं तर खुशीत गेले. दादा चुकला असेल तर ते दाखवून देणारी मी असणार, ही खुशी होती.

त्याची मोजायची पद्धत साधी होती. तासाला किती लिटर पाणी आत गेलं ते लिहायचं. बाहेरच्या नळीच्या तोंडापाशी थर्मामीटर, त्यावर काटा शंभरावर. शंभर म्हणजे वाफ. म्हणजे जेवढं पाणी आत गेलं त्या सगळ्याची वाफ झाली. एवढ्या पाण्याची वाफ करायला लागणारी उष्णता अमुक, आत गेलेली वीज तमुक. तिप्पट. वहीत सगळं सुवाच्य अक्षरात होतं, दर पाच मिनिटांनी एक ओळ. ही दर पाच मिनिटांची सवय त्याने माझीच उचललेली.

"आणि ही नळी कुठे जाते?" मी विचारलं.

"गटारात. मग काय वाफ अंगावर घेऊ?"

मी नळी गटाराच्या जाळीतून उपसून वर काढली. वाफ येत होती, खरं आहे. पण वाफेबरोबर नळी पाणी थुंकत होती. पिचकारीसारखं, थांबून थांबून, भरपूर. तिथेच सगळं कळलं. पाणी शंभरावर पोचलं म्हणजे त्याची वाफ झाली असं नसतं. उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सातपट त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला लागते. दादाचं बरंचसं पाणी नुसतं उकळून, वाफेच्या पाठीवर बसून गटारात जात होतं (अशा पाणी मिसळलेल्या वाफेला आम्ही ओली म्हणतो), आणि हा त्याची वाफ झाली असं धरून गुणाकार करत होता.

मी तोंडाने सांगितलं नाही. बादली मागितली. वहिनी घरातून धुण्याची मोठी बादली घेऊन आली. चाचांनी वजनकाटा आणला. बादलीत गार पाणी मोजून घेतलं, त्याचं तापमान लिहिलं, नळीचं तोंड त्यात बुडवलं आणि दहा मिनिटं घड्याळाकडे बघत उभी राहिले. वाफ गार पाण्याला भेटली की तिचं पुन्हा पाणी होतं, आणि होताना तिने उकळताना घेतलेली सगळी उष्णता ती तिथे सोडते. ओली असो, कोरडी असो, बादलीत सगळं जमा होतं. दहा मिनिटांनी बादलीचं वजन केलं, पाणी ढवळून तापमान घेतलं आणि वहीच्याच पाठीमागे हिशेब मांडला. जेवढी वीज आत गेली होती त्याच्यापेक्षा थोडी कमीच उष्णता बाहेर आली होती. उरलेली भांड्याच्या अंगातून शेडमध्ये गेली. नेहमी जाते तशी.

"पुन्हा कर," दादा म्हणाला.

पुन्हा केलं. तेच.

"बादलीने शास्त्र मोजतेस? धुण्याच्या बादलीने?"

"तुझं यंत्र त्याच लायकीचं आहे," मी म्हटलं. "आंघोळीपुरतं उत्तम. प्राध्यापक आले की टॉवेल दे त्यांना."

चाचा मध्ये म्हणाले, "बेटा, जाने दे. कळंल त्यांना हळूहळू."

मला थांबता आलं असतं. पण दादाचा चेहरा पडलेला दिसत होता आणि त्या पडलेल्या चेहऱ्याने मला आणखी चेव आला. लहानपणी वडिलांचा पट्टा बसला की त्याचा चेहरा असाच व्हायचा. मी वही त्याच्या पायाशी फेकली आणि म्हटलं, "दोन वर्षं गटारात पाणी सोडत बसलास आणि मोजलंस काय, तर ओली वाफ. बाबा असते तर पट्टाच काढला असता." आणि त्याने मारली. इतकी जोरात, की मी शेडच्या पत्र्यावर आदळले आणि पत्रा वाजला. माझ्या हातात पाण्याचा मग होता. मी तो उलटा धरून त्याच्या कपाळात घातला. रक्त डोळ्यात गेलं तशी त्याने माझे केस धरले, मी त्याच्या पोटात गुडघा घातला. वहिनी किंचाळत होती. चाचांनी दोघांच्या मध्ये आपलं अंग घातलं आणि आम्हाला ढकलून लांब केलं. त्या वेळी त्यांचे हात माझ्या खांद्यांवर होते. जाड, कोरडे, घट्ट हात. ते तसे असलेले मी पाहिले ती शेवटची वेळ.

दारातून बाहेर पडताना मी वळले. आता जे लिहायचं आहे त्यासाठी एवढं सगळं लिहिलं. मी ओरडून म्हटलं, "शंभरावरची वाफ ओली असते! काटा एकशेवीसवर नेऊन दाखव, मग ती कोरडी असं मी लिहून देते, सहीसकट!"

वाक्य खोटं नव्हतं. नळीचं तोंड मोकळं असेल, आत दाब नसेल, तर एकशेवीस अंशांवर वाफेत पाण्याचा थेंब राहत नाही. पण तोंड आवळलं, दाब वाढवला, की पाणीच एकशेवीसवर उकळायला लागतं. कुकरमध्ये रोज तेच होतं. काटा एकशेवीस दाखवतो आणि वाफ ओलीची ओलीच. आमच्या प्रयोगशाळेच्या कागदावर तापमानाच्या रकान्याशेजारी दाबाचा रकाना असतो आणि तो रिकामा ठेवणाऱ्या मुलीला मी रडवलेलं आहे. दादाला आव्हान देताना तो रकाना मी सोडून दिला. तेव्हा मला मोजायचं नव्हतं, हरवायचं होतं.

रविवारी दुपारी बारा-साडेबाराला वहिनीचा फोन आला. तिला बोलता येत नव्हतं. "अहो ताई, चाचा," एवढंच तीनदा म्हणाली.

झालं ते असं. सकाळी प्राध्यापक यायच्या आत दादाने काटा एकशेवीसवर न्यायचं ठरवलं. नळीच्या तोंडाला झडप बसवून ती आवळत नेली. काटा चढायला लागला. भांड्याच्या डोक्यावर कुकरच्या शिट्टीसारखी वजनाची सुरक्षा झडप होती; दाब वाढला की ती उचलली जायची आणि काटा पुन्हा खाली यायचा. म्हणून तिच्यावर आणखी वजन बांधलं. पंप पाणी आत ढकलतच होता. चाचा झडपेशी उभे होते, दोन्ही हात भांड्यावर, सांधा चाचपडत. सांधाच उकलला. शेडचा एक पत्रा उडून शेजारच्या गच्चीत पडला. दादाला पुढचे काही दिवस कानाने ऐकू येईना, बाकी खरचटलं फक्त. चाचांच्या हातांवरून, कोपरापासून बोटांपर्यंत, सगळी वाफ गेली.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात उभी असताना मला हिशेब येत होता आणि तो मला नको होता. उकळत्या पाण्याने भाजलं तर कातडी जाते. वाफेने भाजलं तर वाफ कातडीवर पाणी होते आणि सातपट उष्णता आत सोडते. मी बादलीने जी परीक्षा केली होती, तीच चाचांच्या हातांवर झाली होती. फक्त घड्याळ कुणी लावलं नव्हतं.

चाचांचा मुलगा आला तो सरळ दादावर गेला. ठोसा तोंडावर, मग दुसरा, मग दादा खाली बसला तेव्हा लाथ. "बोल, किसने बोला था वजन बांधायला? बोल!" दादाने हात वर केले नाहीत. प्रश्न त्याला ओठांवरून कळला असावा. "मी," तो म्हणाला. "माझं यंत्र, माझं डोकं. माझी चूक." पोलिसालाही त्याने हेच सांगितलं.

मग मी मारलं त्याला. मी. व्हरांड्यातल्या सगळ्या लोकांसमोर त्याची कॉलर धरून उठवलं आणि दोन थोबाडीत दिल्या, टाके घातलेल्या कपाळावर तिसरी. "कितीदा सांगितलं होतं तुला!" असं काहीतरी ओरडत होते. टाके सुटले. लोकांना वाटलं असेल, बहिणीचा जीव किती तुटतोय. दादाने माझ्याकडे पाहिलं. त्याला ऐकू येत नव्हतं, पण मी काय करते आहे ते त्याला पुरतं कळलं होतं. एकशेवीस हा आकडा त्याच्या तोंडून निघाला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. आयुष्यात इतका मार आम्ही एकमेकांना दिला, त्यात हीच एक मारामारी मी भ्याडपणाने केली.

महिनाभराने मी येरवड्याला गेले. दादा घण घेऊन यंत्र फोडत होता. मी दुसरा हातोडा उचलला. तांबं वाकत होतं, पोलाद वाकत नव्हतं, आम्ही घाव घालत राहिलो. माझ्या तळहाताला फोड आले आणि फुटले, तरी मला थांबावंसं वाटत नव्हतं. वहिनी दारात येऊन बघून परत गेली. पोलादी नळीला पोचासुद्धा आला नाही. शेवटी दादाने घण टाकला आणि पत्र्याला टेकून बसला.

वही कोपऱ्यात होती, भिजून फुगलेली. मी ती उचलली. रविवारचं पान. दर पाच मिनिटांनी एक ओळ. एकशेचार. एकशेनऊ. एकशेतेरा. एकशेअठरा. दाबाचा रकाना नव्हता. मी सांगितलाच नव्हता. खाली आधीच एक ओळ लिहून ठेवली होती, वेळ भरायची बाकी: "१२० झालं की हिला फोन."

मी तिथे फतकल मारून रडले. दादाने वही माझ्या हातातून घेतली, बंद केली आणि म्हणाला, "चाचांकडे जाऊन आलीस का?"

"नाही."

"मग जा."

गेले. चाचा पलंगावर बसले होते. दोन्ही हातांना घट्ट मोजे चढवलेले, बोटं अर्धी वळून तशीच राहिलेली. डॉक्टर म्हणतात, उजव्या हाताची दोन सुटतील कदाचित. सुनेने चहा आणून ठेवला आणि ती आत गेली. मी खुर्ची ओढली आणि प्रस्तावना न करता सांगून टाकलं, कारण प्रस्तावना केली असती तर पळून आले असते.

"चाचा, एकशेवीस मी म्हटलं होतं. दाबाचं बोलले नाही. दादाची चूक नाही ती, माझी आहे."

"माहीत आहे ना," चाचा म्हणाले. "मी तिथंच होतो. दोघांना धरून उभा होतो."

"मग तुम्ही मुलाला का नाही सांगितलं?"

"सांगून? तुलापण मारलं असतं त्याने." ते थोडे हसले. मग आपल्या हातांकडे बघत म्हणाले, "बेटा, तोंड आवळलं की काटा चढतो, हे मला काय नवीन आहे? चाळीस वर्षं बंब करतोय. वजनाची तार मीच बांधली. बांधताना सांध्यावर हात ठेवला तर सांधा थरथरत होता. मी भाईंना म्हटलं, हे बरोबर नाही वाटत. भाई म्हणाले, तिने सांगितलंय एकशेवीस. मग मी म्हटलं, मापवाली बाई आहे, विचार करूनच बोलली असंल. माझ्या हाताला कळत होतं सगळं. मी हाताचं नाही ऐकलं. तुझं ऐकलं."

त्यांनी हे रागाने म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मार खायची मला सवय आहे. ते नुसतं काय झालं ते सांगत होते. मी मान वर करू शकले नाही. माझ्या सहीवर, माझ्या शब्दावर माणसं इतका भरवसा टाकतात, याचा मला आयुष्यभर अभिमान होता.

मग ते म्हणाले, "चहा दे. मला कप धरता येत नाही."

मी चहा बशीत ओतला. पर्समध्ये थर्मामीटर होता, नेहमी असतो. तो मी काढला नाही. बशी आधी माझ्या ओठांना लावली. ओठ पोळला.

"गरम आहे," मी म्हटलं.

"मग थांबू या," चाचा म्हणाले.